डोक्यावरून न गेलेली विटी

त्या दुपारी आम्ही दोघं नवराबायको ओट्यावर बसून चिंच फोडत होतो. मी दगडानं टरफल फोडायचं, तिनं चिंचोके काढायचे आणि मीठ लावून गोळे वळायचे, असं दरवर्षीचं काम. होळी तोंडावर आली होती. ऊन चढलं होतं, पण ओट्यावर सावली होती.

"अहो, शिरा तशाच राहिल्यात सगळ्या. असं फोडतात?"

"मग तू फोड."

"मी फोडीन हो. तुम्ही मग काय करणार?"

"पंचगिरी करीन. आत्ता बोलावणं येईल."

"करा बाई. पंचगिरीला दात लागत नाहीत, तेवढं बरं आहे तुमचं."

माझे पुढचे दात पडले होते, त्यावरून ती असं काहीतरी रोज बोलायची. मी उत्तर देणार तेवढ्यात समोरच्या पडीतून, म्हणजे मोकळ्या पडीक जमिनीवरून, हाक आली. मी धोतराला हात पुसले आणि उठलो. आम्ही दोघांनी मिळून केलेलं हे शेवटचं काम. तेव्हा ते कळलं असतं तर त्या खेळाकडे मी पाऊलही टाकलं नसतं.

हे लिहायला मी काही शास्त्री नाही. गावठी शाळेत बाराखडी घोटली आणि पुढं जन्मभर बैलगाडी हाकली. माजिवड्याचं गवत ठाण्यात, कल्याणच्या बाजारातला माल गावोगाव. पण लोक तोंडानं जे बोलतात ते गवतातल्या आगीसारखं पसरत जातं. तिच्याबद्दल जे पसरवलं ते मला खोडायचं आहे, म्हणून कागदावर घालतो.

ठाण्यात तळ्यामागं आमच्या दोन आळ्या, वरली आणि खालची. मी खालच्या आळीतला. ती वरल्या आळीत जन्मली आणि लग्न होऊन दोनशे पावलांवर नांदायला आली. भातं कापून, झोडून झाली, की होळीच्या तोंडावर आमच्या घरासमोरच्या पडीत दोन्ही आळ्यांचा विटीदांडू व्हायचा. जी आळी जिंकेल तिनं होळीला अग्नी द्यायचा. हसायचं असेल त्यानं हसावं. पण त्या मानासाठी आमच्याकडे सख्खे चुलतभाऊ वर्षवर्ष बोललेले नाहीत.

पंच मी. खालच्या आळीचा असूनही दोन्ही आळ्यांनी मला पंच केलं, कारण माझी बायको वरल्या आळीची. मी अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा, असं त्यांचं म्हणणं. हे नीट ध्यानात ठेवा. ज्या बायकोमुळं त्यांनी मला पंच केलं, तिलाच पुढं त्यांनी खोटी ठरवलं.

आता नियम सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे. गडी विटीच्या टोकावर दांडू मारतो, विटी उडते, उडालेल्या विटीला तो टोला हाणतो. समोर पसरलेल्यांपैकी कुणी ती हवेतल्या हवेत धरली तर झेल, गडी बाद. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण कधीकधी टोला नीट बसत नाही. विटी दांडूला नुसती घासते आणि निसटून मागं जाते. मागं एक गडी उभा असतोच. त्यानं ती धरली तर काय?

आमच्याकडचा रिवाज असा. विटी निसटून मारणाऱ्याच्या डोक्याच्या वर गेली आणि मग मागच्यानं धरली तर तो झेल. गडी बाद. पण डोक्याच्या वर न जाता दांडूवरनं सरळ मागच्याच्या हातात आली, तर तो झेल नाही. तो टोला फुकट गेला, एवढंच. प्रत्येकाला टोले तीन, त्यातला एक कमी. ह्यात शहाणपण आहे. वर गेलेली विटी धरायला नजर लावावी लागते, पाय हलवावे लागतात. सरळ आलेली विटी माणूस धरत नाही, ती हातात येऊन अडकते. आपण होऊन अडकलेल्या विटीसाठी दुसऱ्याला बाद करायचं, हा कुठला न्याय?

दुसरा रिवाजही सांगतो. पंचानं गड्याच्या बाजूला उभं राहून तोंड पुढं ठेवायचं, कारण विटी पुढं जायची असते. मागं निसटली तर पंचाला दिसत नाही. म्हणून मागं जो कुणी असेल त्याला विचारायचं. गुराखी असो, वाटसरू असो, तो सांगेल ते धरायचं. माझ्या आधीच्या पंचापासून हेच चालत आलं होतं आणि कुणी हरकत घेतली नव्हती.

त्या दिवशी आमच्या आळीचा शेवटचा गडी उभा होता. तो बाद झाला असता तर होळी वरल्या आळीची. मागं उभा होता तिचा भाचा, म्हणजे तिच्या भावाचा थोरला मुलगा, दोन पोरांचा बाप झालेला माणूस. आणि त्याच्या मागं आमचा ओटा, ओट्यावर ती एकटी चिंच घेऊन बसलेली. बाकी सगळा गाव पुढच्या अंगाला, कारण मजा पुढं असते.

गड्यानं दांडू फिरवला. टक् असा बारीक आवाज झाला. पुढं काही आलंच नाही. मी वळलो तर भाच्याच्या हातात विटी आणि वरल्या आळीची आरोळी, "झेल! झेल!"

आमची आळी ओरडली, "सरळ आली! सरळ आली!" ह्यांच्यातल्या एकालाही काही दिसलं नव्हतं. हेही ध्यानात ठेवा.

मी भाच्याकडे बघितलं. तो हातातली विटी फिरवत राहिला. खेळणाऱ्याला विचारायचं नसतं, म्हणून मी त्याला विचारलंही नाही. मी ओट्याकडे तोंड केलं.

"विटी कशी आली गं?"

ती हातातला चिंचेचा गोळा खाली न ठेवता म्हणाली, "सरळ आली. मारणाऱ्याच्या खांद्याएवढी. डोक्याच्या वर नाही गेली."

तिचा भाऊ पुढं आला. वरल्या आळीचा कारभारी तो, दोन बैलजोड्यांचा धनी, मोठ्यानं बोलायची सवय.

"आक्का, नीट आठव."

"त्यात आठवायचं काय? आत्ताच तर आली."

लोक हसले.

"नवऱ्याचं तोंड बघून बोलतेयस तू."

"मी विटी बघत होते रे. ह्यांचं तोंड लग्नापासून बघतेय, त्यात नवीन काय दिसणारेय?"

आता तर दोन्ही आळ्या हसल्या. मीही हसलो. भावाचं तोंड मात्र लाल झालं. विटीचा राग त्याला तेवढा नव्हता, हसण्याचा होता. बहिणीनं चारचौघांत त्याला हसं केलं असं त्यानं धरलं.

मी निकाल दिला, झेल नाही, टोला फुकट. आमच्या गड्याचा एक टोला उरला होता. तो त्यानं असा हाणला की विटी बाभळीपलीकडे गेली. आमची आळी जिंकली.

भाऊ आमच्या ओट्याखाली येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाईला विचारून निकाल देतात का कुठं? आणि तीही घरची बाई. खोटं बोललीस तू, आक्का. आजपासून मला बहीण नाही."

ती म्हणाली, "अरे, चिंच ने जाताना थोडी, वहिनीनं मागितली होती."

तो गेला. त्यानं मागं बघितलं नाही.

ह्याचा मला आजही संताप येतो. ती झेल म्हणाली असती तर आमची आळी म्हणाली असती, माहेरची बाजू घेतली. झेल नाही म्हणाली तर वरली आळी म्हणाली, नवऱ्याची बाजू घेतली. बाईला माहेर असतं, सासर असतं, पण डोळे असतात हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. तिच्या जागी परका गुराखी असता तर कुणी चकार शब्द काढला नसता.

दुसऱ्या दिवशी तिला थंडी वाजून ताप भरला. हिवाळाभर खोकला होताच. वैद्यानं काढा दिला, शेक द्यायला सांगितलं. मी कल्याणला निरोप धाडून मुलीला बोलावून घेतलं. एकच मुलगी आम्हाला, ती कल्याणला दिलेली.

तापात ती फार बोलायची नाही. दाराशी कुणाचं पाऊल वाजलं की मान वळवायची.

"तो आला का हो?"

"येईल."

"सांगितलंत ना त्याला, मला बरं नाही म्हणून?"

"सांगितलंय."

सांगितलं होतंच. शेजाऱ्याकडून दोनदा सांगितलं होतं. मग ती एकदा म्हणाली, "मी झेल म्हटलं असतं तर बरं झालं असतं का?"

"नाही."

"सरळच आली होती."

"ठाऊक आहे मला."

"तुम्हाला कसं ठाऊक? तुमची तर पाठ होती."

"तू सांगितलंस ना."

ती जराशी हसली. होळीच्या आदल्या दिवशी सकाळी ती गेली.

कुंकू लावून गेली. आमच्याकडे त्याला भाग्य म्हणतात. अशी सवाष्ण गेली की तिच्यावर माहेरचं लुगडं घालायचं असतं. माहेरून ते येतं, भाऊ स्वतः आणतो, आणि त्यातच तिला नेतात. तिचं तेवढंच मागणं होतं. लोकांच्या बायका पाटल्या मागतात. ही म्हणायची, "मी तुमच्या आधी जाणार, आणि माझ्या भावाच्या हिरव्या लुगड्यात जाणार, बघा." मी म्हणायचो, "जा बाई, पण आधी भात वाढ." असं आमचं चालायचं.

वरल्या आळीत निरोप गेला. आम्ही थांबलो. मुलीनं आईला आंघोळ घातली, केस विंचरले. शेजारच्या बायका आल्या. दुपार झाली. दोनशे पावलं यायला माणसाला किती वेळ लागतो? तिचा भाऊ आला नाही. निरोप घेऊन गेलेला शेजारी एकटाच परत आला आणि खाली बघत म्हणाला, "काका, तो म्हणतोय लुगडं काढून ठेवलंय. पण आधी तुम्ही पाच माणसांत कबूल करा, की विटी डोक्यावरनं गेली होती आणि आक्का खोटं बोलली. मग तो स्वतः घेऊन येतो."

मला वाटलं माझे कान गेले. घरात बहीण मरून पडलीय आणि हा माणूस विटी घेऊन बसलाय.

पण त्याचं एक वेळ राहू द्या. तो हरला होता, त्याचं नाक कापलं होतं. खरा संताप मला आला तो आमच्या आळीचा. ज्यांनी तिच्या शब्दावर होळीचा मान खिशात घातला, तेच लोक माझ्याभोवती जमले.

"काका, म्हणून टाका ना. काय जातं?"

"खेळच तो. खेळातला एक झेल."

"ती तर गेली बिचारी. आता तिला काय कळणारेय?"

"लुगड्याशिवाय न्यायचं म्हणजे बरं दिसत नाही, काका. लोक काय म्हणतील?"

मी विचारलं, "मी झेल होता म्हटलं, तर होळी त्यांना द्याल?"

मग एक जण म्हणाला, "त्याचं कशाला आता? आपण नुसतं बोलायचं. होळी काय, ठरलेली आहे."

म्हणजे बघा. मान त्यांनी ठेवायचा. खोटेपणा तिनं न्यायचा, चितेवर.

मुलगी आतून बाहेर आली. तिचे डोळे सुजले होते. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाबा, बोला ना. आईसाठी बोला. जन्मभर तिनं त्या लुगड्याचं सांगितलं. तुमचा हट्ट कशाला मध्ये?"

"हट्ट नाही हा."

"मग काय आहे?"

मला नीट सांगता येईना. मी म्हटलं, "अगं, तिनं जे बघितलं ते सांगितलं. ती खोटं बोलली असं मी म्हटलं, आणि मग तिच्यावर ते लुगडं घातलं, तर ते लुगडं कसलं झालं?"

"आईला ते हवं होतं."

"हवं होतं. पण तिनं मागितलं असतं का असं?"

मुलगी वळली. आत गेली आणि पेटीचं झाकण आपटल्याचा आवाज आला. तिनं आईचं रोजचंच एक धुतलेलं लुगडं काढलं. त्यातच तिला नेलं. मी पुढं मडकं घेऊन चालत होतो. वरल्या आळीच्या तोंडाशी माणसं उभी होती, त्यांतून कुजबूज ऐकू आली, "खोटी साक्ष दिली, चार दिवसांत देवानं नेली." हे माझ्या कानांनी ऐकलं. देवाला दुसरा उद्योग नाही, ठाण्यातल्या पडीत विटी कुठनं गेली ते बघत बसतो, असं ह्यांना वाटतं!

खाडीवर अग्नी दिला, घरी आलो. मुलीनं शेजारून आलेली भाकरी माझ्यापुढं ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. आज इतके दिवस झाले, त्या दुपारबद्दल ती अजून माझ्याशी बोललेली नाही. बोलेल तेव्हा बोलेल.

सकाळी उजाडल्यावर मी पडीत गेलो. होळी रचून तयार होती. मधे उभा एरंड, भोवती लाकडं, गोवऱ्या, पेंढा. आमच्या आळीची माणसं तोरण बांधत होती. मी सरळ गेलो आणि होळीच्या लाकडांवर बसलो.

एक क्षण कुणाला कळलंच नाही. मग बोंब झाली.

"काका! अहो काका, सुतक आहे तुम्हाला!"

"आहे ना. म्हणून तर बसलोय."

"विटाळ झाला होळीला!"

"झाला."

सुतकातल्या माणसाला शिवायचं नसतं. शिवलं तर आंघोळ, आणि सणाच्या दिवशी सगळा घोळ. त्यामुळं मला हाताला धरून उठवायला कुणी पुढं येईना. भटजींना बोलावलं. ते लांबूनच म्हणाले, "आजोबा, उठा, मी गोमूत्र शिंपडून घेतो सगळं."

मी म्हटलं, "शिंपडा नंतर. आधी हे सांगू देत. काल मला म्हणाले झेल होता असं म्हणा. झेल होता तर ही होळी वरल्या आळीची. द्या त्यांना. आणि झेल नव्हता तर तसं मोठ्यानं सांगा, की ती खरं बोलली. एक काय ते बोला. दोन्ही तोंडांनी पेटवायला मी ही होळी द्यायचो नाही."

कुणी पायानं माती उकरायला लागलं, कुणी तोरणाची गाठ सोडून परत बांधायला लागलं. त्या दिवशीचा टोला मारणारा गडी म्हणाला, "काका, मी सांगतो, सरळ गेली होती."

"तू गप्प बस. तुझ्या पाठीला डोळे आहेत काय?"

तोवर वरली आळीही जमली होती. बायका कडेला उभ्या राहिल्या. माणसं बाजूला झाली आणि तिचा भाऊ पुढं आला, मागं त्याचा थोरला मुलगा, विटी धरणारा. भाऊ न नाहता आला होता, अंगावर पंचा, डोळे खोल गेलेले. सुतक त्यालाही होतं, बहिणीचं. त्या सगळ्या गर्दीत मला शिवू शकेल असा तो एकटाच.

तो जवळ आला आणि त्यानं हात पुढं केला.

"भावजी, उठा. शोभत नाही."

"विटी कशी आली?"

"उठा हो आधी."

"कशी आली विटी?"

त्यानं मुलाकडे बघितलं. मुलगा खाली बघत होता.

"सरळ आली होती," भाऊ म्हणाला. "छातीवर आली होती ह्याच्या. ह्यानं मला त्याच संध्याकाळी सांगितलं."

कडेच्या बायकांपर्यंत सगळ्यांना ऐकू गेलं होतं.

मी विचारलं, "म्हणजे काल ठाऊक होतं तुला? लुगडं अडवलंस तेव्हा?"

"होतं."

"ती दाराकडे बघत होती तेव्हा?"

त्यानं मान खाली घातली. हात मात्र त्यानं मागं घेतला नाही, तो तसाच माझ्यापुढं धरलेला होता. उठायला कुणाचा तरी हात लागणार हे मलाही कळत होतं आणि त्यालाही.

मी एरंडाच्या खोडाला धरून उठलो. होळीवरून उतरलो, धोतर झटकलं आणि राख सावडायला खाडीवर गेलो.